तोंड मिटलेले फोटो

आमच्या अक्का हसल्या की गोठ्यातली म्हैस पान्हा चोरायची. उगीच सांगत नाही. दावणीची जनावरं कान टवकारून बघत राहायची आणि थोरले दीर आतून ओरडायचे, "अगं, धार निघू दे की! किती खिदळतीस!" त्यावर अक्का आणखी मोठ्यानं हसायच्या. डोकं मागं टाकून, पडजीभ दिसेपर्यंत तोंड उघडून. दात सगळे काळे. तंबाखू तव्यावर भाजून केलेली मिश्री त्या सकाळ-संध्याकाळ बोटानं दातांना लावायच्या, आमच्या वेळच्या निम्म्या बायका लावायच्या तशीच.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. कोल्हापुरातल्या पेठेत आमचं एकच घर, पण त्याला तोंडं दोन होती. मागच्या बाजूला गल्लीत गोठा, तो अक्कांचा. पुढच्या बाजूला रस्त्यावर फोटो स्टुडिओ, तो माझ्या नवऱ्याचा आणि नंतर माझाही. मधे एक बोळ. एका टोकाला शेणाचा वास, दुसऱ्या टोकाला फोटो धुवायच्या पाण्याचा. एवढं असून अक्कांचा हसतानाचा एकही फोटो आमच्याकडं नव्हता. स्टुडिओ घरात, फोटोग्राफरीण घरात आणि फोटो नाही.

त्या फोटोग्राफरणीबद्दल थोडं सांगते. गारगोटीच्या शाळेत शिकून आलेली मुलगी, त्यामुळं कोल्हापूरकरांना शहाणं करायला आपल्याला धाडलंय अशी तिची समजूत. नवऱ्यानं तिला कॅमेरा शिकवला तो सोयीसाठी. बाईच्या हनुवटीला हात लावून तिचं तोंड फिरवायचं म्हटलं की तिथं बाईमाणूसच लागायचं. पण हिला वाटलं, आपल्या अंगात कला आहे. पदराला पिन, केसांना दोन क्लिपा आणि काळोख्या स्टुडिओत डोळ्यांवर गॉगल. नवरा म्हणाला, "अगं, फ्लॅश गिऱ्हाइकाच्या डोळ्यात जातोय, तुझ्या न्हाय." तरी तिनं गॉगल काढला नाही. दोनदा लाइटच्या स्टँडला अडखळून पडली, मग काढला.

तर ही बाई हुकूम सोडायची. "इकडं बघा. मान वर. तोंड मिटा. हं." त्या 'हं'वर बटण. तेव्हा रिळात मोजकेच फोटो निघायचे, एका गिऱ्हाइकाला एकच. तो बिघडला तर घरात बोलणी. पेठ वडगावकडनं, कागलकडनं लग्नाच्या बस्त्याला आलेल्या बायका फोटोला बसायच्या आणि त्यांचे मिश्रीचे दात फोटोत भोकासारखे दिसायचे. म्हणून तोंड मिटा. सगळेच स्टुडिओवाले तेच सांगायचे. मी फक्त जास्त मोठ्यानं सांगायचे. समोर फ्रेमचं दुकान होतं, तिथले चाचा माझे फोटो काचेत बसवता बसवता एकदा म्हणाले, "वहिनी, तुमच्या फोटोत समद्यांची दाढ दुखती काय हो?" मला एवढा राग आला की मी चार दिवस त्यांच्याकडं बघितलं नाही. आज ते असते तर त्यांना सांगितलं असतं, चाचा, असलं बोलू नये, लागतं कुठंतरी.

थोरले दीर गेले, नवरा गेला, लोकांच्या हातात मोबाइल आले, स्टुडिओचं शटर पडलं ते पडलंच. मग माझी नात लग्नांचे फोटो काढायला लागली. कँडिड म्हणे. पहिल्यांदा तिच्याबरोबर एका हळदीला गेले तर पोरगी जमिनीवर पालथी पडून, खुर्च्यांच्या पायांतून, नवरीच्या मावशीचा फोटो काढत होती. मावशीला पत्ता नाही.

"अगं, तिला सांग तरी," मी म्हटलं.

"सांगितलं की ती फोटोसारखं तोंड करती आज्जी. तू शिकवलंयस नव्हं सगळ्या गावाला?"

उलट बोलायची ही खोड माझ्याकडनंच तिच्यात आली आहे. पुढं तिनं नवा कॅमेरा घेतला आणि जुना, लांबड्या भिंगाचा, माझ्या गळ्यात अडकवला. मला तर काय, नवं खेळणंच मिळालं. मंडईत मेथीच्या ढिगाआड बसून मी माणसं टिपायला लागले. म्हातारीकडं कोण बघतंय? कधी कुणी ओरडायचं, "ओ आज्जी, माझा फोटू कुठं टाकणार हाय? बायकूला दाखवू नगा, मी घरात दुकान बंद हाय म्हणून सांगितलंय!" घरी आले की नात एकेक फोटो बघायची आणि विचारायची, "ह्यात गोष्ट काय आहे? ह्या माणसाचं काय चाललंय ते मला त्याला न विचारता कळलं पायजे." बऱ्याचदा गोष्ट नसायची. कधी कधी असायची. एका बाईनं आपली टोपली आवरताना उरलेला एकच पेरू स्वतःसाठी उचलला, पुसला आणि परत विकायला ठेवला, त्या दोन क्षणांचे दोन फोटो मला मिळाले. नातीनं ते दोन्ही पुढंमागं करून पुन्हा पुन्हा बघितले. सत्तरी ओलांडल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला फोटो काढता येतो.

अक्का हे सगळं बघायच्या. नात टीव्हीवर माझे फोटो लावायची आणि अक्का कोपऱ्यात बसून म्हणायच्या, "हिच्यायला, हिनं एकदाबी कुणाला तोंड मीट म्हटलं न्हाय बघ."

मग एका रविवारी पुतण्यानं, म्हणजे अक्कांच्या मुलानं, तांबडा रस्सा केला आणि अक्कांनी दहीभात मागितला. लवंगी मिरची कच्ची खाणारी बाई. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. गालाच्या आत कधीपासून चट्टा होता, त्यांनी सांगितला नव्हता. नुसत्या दुसऱ्या बाजूनं चावायच्या. दवाखान्यात तपासणी झाली, तुकडा काढून पाठवला आणि डॉक्टरांनी पुतण्याला आणि मला समोर बसवून सांगितलं की खालच्या जबड्याचा जवळजवळ अर्धा भाग काढावा लागेल, गालही. लवकर करायचं. तारीख मिळाली ती पंधरा दिवसांनंतरची.

अक्का रिक्षातून घरी आल्या, म्हशीपुढं वैरण टाकली, हात धुतले आणि बोळातून माझ्याकडं आल्या.

"धाकटे, तू फोटू काढतीस न्हवं?"

"काढते की."

"मग माझा एक काढ. हसताना." त्या माझ्या पलंगावर बसल्या. "घरात एवढं फोटू हायती माझं. लेकाच्या लग्नातलं, वास्तुशांतीचं, बारशाचं. सगळ्यात तोंड शिवल्यागत बसलोय. उद्या नातवाला पोरं झाली की इचारतील, पणजी मुकी हुती काय?"

"अक्का, असं काय बोलताय..."

"बोलू दे. पुढच्या महिन्यात बोलाय येतंय का कुणाला ठावं. हे तोंड ऱ्हाणार न्हाय, अर्धं कापून नेणार. त्याआधी एक काढ. मी हसत हुतो, एवढं कळलं म्हंजे झालं."

एवढंच काम होतं. पंधरा दिवस आणि एक फोटो.

मी तिथंच कॅमेरा आणला. अक्का ताठ बसल्या आणि त्यांनी दात दाखवले. फोटो काढून दोघींनी बघितला. अक्का म्हणाल्या, "ही हसतीया का चावाया निघालीया?" आणि हे बोलताना त्या खऱ्या हसल्या. मी कॅमेरा उचलेपर्यंत हसू संपलं होतं.

मग नातीनं धडा दिला. आज्जी, कॅमेरा सतत डोळ्याला हवा. त्यांना विसरू दे. गप्पा त्यांना दुसऱ्या कुणाशी मारू देत, तू बोलू नकोस. मी कडब्याच्या गंजीआड बसायला लागले, या वयात, गुडघे पोटाशी घेऊन. दूध न्यायला बायका यायच्या, अक्का मापानं दूध ओतता ओतता बोलायच्या. एका बाईनं सासूची नक्कल केली. दुसरीनं नवऱ्याची. अक्का हसल्या. मी बटण दाबलं. फोटोत काय, तर गालावर हात. पुन्हा हसल्या, पुन्हा हात. हसू आलं की गाल दुखायचा, गाल दुखला की हात वर जायचा, आणि तो असा काही पसरून जायचा की सगळं तोंड झाकलं जायचं. म्हशीनं मधेच भिंग चाटलं. ते पुसून मी पुन्हा बसले. पुन्हा हात.

आठवडाभर हेच. आणि रोज ते तोंड थोडं थोडं कमी उघडत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं अक्का रोज सकाळी बोटं उभी धरून तोंडात घालून बघायच्या. आधी तीन बोटं जायची. मग दोन, तीही घासून. मला हाक मारून दाखवायच्या, जसं काही मी त्याचं मोजमाप ठेवणार होते. "घाई कर बाई," म्हणायच्या, "दार लागत आलंय." मी हसले. त्यांनी हसायचं टाळलं, दुखत होतं म्हणून.

मी नातीला सगळे फोटो दाखवले. तिनं एकावर बोट ठेवलं. अक्का गोठ्याच्या दारात, पाठीमागून ऊन, गालावर तळवा, डोळे मिटलेले, कडेला हसणाऱ्या बायका. "आज्जी, हा आहे की. ह्यात सगळी गोष्ट आहे. हा फोटो मी कुणालाही दाखवीन."

खरं होतं तिचं. चांगला फोटो होता. मंडईत मिळाला असता तर मी नाचले असते. आम्ही तो अक्कांना दाखवला.

त्यांनी चष्मा लावून बघितला. "ही कसली गोष्ट?"

"दुखण्याची, मोठी आज्जी," नात म्हणाली. "सगळ्या हसतायत आणि तुम्ही..."

"दुखणं मला ठावं हाय. ते भिंतीवर कशाला लावू?" त्यांनी कॅमेरा माझ्या हातात परत दिला. "माझी गोष्ट सांगाय बसलायसा न्हवं? मग मला इचारा तरी, कंची सांगायची."

नात बिचारी गोरीमोरी झाली. आणि मी? आधी सगळ्यांना माझ्या मनासारखं बसवलं, आता कुणालाच न विचारता टिपत होते, आणि दोन्ही वेळेला मीच शहाणी.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी अक्कांनी नृसिंहवाडीला जायचं काढलं. पुतण्यानं गाडी काढली. दर्शन झालं, पुतण्या चप्पल आणि गाडी बघायला वर गेला आणि आम्ही दोघी घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. अक्कांच्या एका हातात बासुंदीचा द्रोण, कारण आता तेवढंच सुखानं घशाखाली जात होतं. दुसऱ्या हातात प्रसादाच्या नारळाची पिशवी, ती खाली ठेवायची नाही म्हणून धरलेली. मी दोन पायऱ्या खाली, थोडी कडेला. कॅमेरा डोळ्याला. पाण्यावरचं ऊन उलटून त्यांच्या तोंडावर येत होतं, कपाळावर हलत होतं. असा उजेड मी जन्मात स्टुडिओत पाडू शकले नाही.

खाली एक जाडजूड पावणं नाक धरून डुबक्या मारत होते. वर पायरीवर त्यांची बायको कपडे राखत बसलेली. तिसऱ्या डुबकीला त्यांचा पंचा सुटला आणि निघाला प्रवाहाबरोबर. गडी गळ्याएवढ्या पाण्यात खाली बसला आणि तिथूनच बायकोला विनवायला लागला.

"अगं, कायतर टाक की इकडं!"

"वर या की."

"कसा येऊ?"

"आला तसं या. देवापुढं काय लपवायचं? आणि मी तर काय, चाळीस वर्सं बघतोय, काय सुदिक बदल न्हाय!"

अक्का फुटल्या. तसंच, पूर्वीसारखं. डोकं मागं, मान उघडी, तोंड जेवढं उघडत होतं तेवढं सगळं उघडं, काळे दात, डोळ्यांत पाणी. दोन्ही हात अडकलेले, गालाकडं जायला मोकळा हातच नव्हता. दुखत असणारच, पण हसू दुखण्याच्या पुढं गेलं होतं. सगळ्या घाटावर ते ऐकू गेलं. भिंगात फक्त त्याच होत्या, स्पष्ट, पापणी न् पापणी.

आणि मी म्हणाले, "अक्का, इकडं बघा. हं."

मी म्हणाले असं मला आठवतसुद्धा नाही. तोंडातून गेलं. इतकी वर्षं माझं बोट त्या 'हं'शिवाय बटण दाबत नव्हतं. मंडईत दाबायचं, कारण तिथं परकी माणसं. समोर घरची बाई बसली, उजेड बरोबर पडला, आणि बोट आपल्या जुन्या मालकिणीची वाट बघत थांबलं.

अक्कांनी इकडं बघितलं. मान वर केली. तोंड मिटलं. तेव्हा बटण दाबलं गेलं.

त्यांना आधी कळलं नाही आपण काय केलं ते, मग कळलं. खाली त्या बाईनं नवऱ्याकडं धोतर फेकलं होतं आणि लोक टाळ्या वाजवत होते. अक्कांनी तिकडं बघून पुन्हा हसायचा प्रयत्न केला, माझ्यासाठी. ओठ बाजूला ओढले गेले, एवढंच. नंतर द्रोण खाली ठेवला आणि गाल धरला. बराच वेळ धरला.

"अक्का, मी..."

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "मी तरी कशाला मिटलं? मला काय धाक हुता तुझा?"

गाडीत पुतण्यानं आरशातून विचारलं, "काकी, निघाला का मनासारखा?"

मी खिडकीबाहेर बघितलं. अक्काच म्हणाल्या, "निघाला."

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले चांगलं झालं, आणि त्यांच्या बाजूनं ते खरंच असेल, कारण अक्का आहेत. छातीचं मांस घेऊन गाल भरून काढलाय. एका बाजूला तोंड आत वळलंय, त्या बाजूचा ओठ हलत नाही, लाळ थांबत नाही म्हणून खांद्यावर कायम फडकं. पातळ तेवढंच पोटात जातं. बोलतात ते कळायला आम्हांला दोन-तीनदा विचारावं लागतं आणि दोन-तीनदा विचारलं की त्या बोलायचं सोडून देतात. गोठा मोकळा झाला. पुतण्याला नोकरी करून जनावरं झेपत नव्हती. हसायच्या वेळी अक्का आता नाकातून श्वास सोडतात. ते हसणं आहे हे घरच्यांनाच कळतं.

पुतण्या भला माणूस आहे. त्याला खरं काय झालं ते माहीत नाही, पण फोटोत आई हसत नाही एवढं त्याला दिसलं. त्यानं वाडीचा तो मिटल्या तोंडाचा फोटो मोबाइलमधल्या कुठल्याशा ॲपला दिला आणि ॲपनं तिला हसवलं. पांढरेशुभ्र दात, वरचे खालचे सगळे, गालाला खळी. मोठा करून, फ्रेम करून आणला आणि अक्कांच्या मांडीवर ठेवला.

अक्कांनी पुष्कळ वेळ बघितलं. मग फोटोवर बोट ठेवून भुवया उडवल्या. ही कोण?

"तूच की आई," तो म्हणाला. "किती छान आलाय."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून हलवली. लेकाचं मन कशाला मोडायचं म्हणून असेल. त्यानं तो समोरच्या भिंतीवर लावला. बघायला येणारे लोक आधी अक्कांकडं बघतात, मग घाईघाईनं त्या फोटोकडं बघतात आणि म्हणतात, "अगदी पहिल्यापासून हसऱ्या हो ह्या!" पूर्वी दूध न्यायला येणाऱ्या त्या बायकासुद्धा म्हणाल्या. ज्यांनी काळ्या दातांचं हसू स्वतःच्या कानांनी ऐकलं, डोळ्यांनी बघितलं, त्यासुद्धा. आणखी दहा वर्षांनी त्यांनाही तेच खरं वाटेल. मलाही वाटेल की काय, याची मला भीती वाटते. आत्ताच कधी कधी डोळे मिटून ते घाटावरचं तोंड आठवायला जाते तर मधे ती खळी येते.

कॅमेरा मी नातीला परत देऊन टाकला. ती घेत नव्हती. "आज्जी, दुसरं काहीतरी काढ, मंडईत जा," म्हणाली. मंडईत गेले होते. सगळी माणसं बोलत होती, हसत होती, तोंडं उघडत होती. मी कोथिंबीर घेऊन परत आले.

रोज दुपारी मी बोळातून अक्कांकडं जाते. हात रिकामे असतात. तरी माझी चाहूल लागली की त्या खांद्यावरचं फडकं खाली सरकवतात, चांगला गाल माझ्याकडं करतात, मान वर धरतात आणि जेवढे मिटतील तेवढे ओठ मिटून थांबतात. मी दोन्ही तळवे पुढं करून दाखवते, की बघा, काही नाही आणलं. त्या बघतात आणि मान तशीच धरून ठेवतात. थरथरायला लागली तरी सोडत नाहीत. मग मी चहा टाकायचं निमित्त करून आत जाते आणि भांड्यांचा जरा जास्तच आवाज करते, म्हणजे मी आत आहे हे त्यांना ऐकू जावं आणि मान खाली घेता यावी.